काळ्या काचेतला समुद्र

माझ्या सासऱ्यांच्या ओटीवर, झोपाळ्याच्या बरोबर समोर, भिंतीत एक खिळा होता. त्या खिळ्याला सहा वर्षं मी काढलेला फोटो टांगलेला होता. चिंचणीचा समुद्र, लाट खडकावर फुटतानाचा क्षण, पाण्याचे थेंब हवेतल्या हवेत थांबलेले आणि मागे तीन होड्या. होड्यांच्या शिडांना लावलेली ठिगळं मोजून घ्यावीत, इतका तो फोटो स्वच्छ आला होता.

मी पालघरला स्टेशनाजवळ फोटो स्टुडिओ चालवायचो. लग्नं, मुंजी, शाळेचे वर्ग आणि मुलगी दाखवायला पाठवायचे फोटो, हा माझा धंदा. समुद्राचा फोटो मी लग्नाच्या पहिल्या वर्षी सासुरवाडीला गेलो तेव्हा हौसेनं काढला होता. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. चिंचणीला त्यांची नारळाची आणि चिकूची वाडी. मुली दोन, मुलगा नाही. माझे वडील मी तिसरीत असताना गेले होते, त्यामुळे मामांनी तो फोटो फ्रेम करून ओटीवर लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "आमच्या जावईबापूंनी समुद्र घरात आणून ठेवलाय" असं सांगायला लागले, तेव्हा मला काय वाटलं असेल ते सांगत बसत नाही. त्या खिळ्याकडे बघितलं की माझी छाती फुगायची, एवढं पुरे.

मग धाकट्या मेव्हणीचं लग्न झालं आणि मला साडू आला.

सहासष्ट-सदुसष्टचा सुमार. तारापूरला वीज तयार करायचा मोठा प्रकल्प उभा राहत होता. बोईसरच्या रस्त्यावर रोज नव्या गाड्या, नवी माणसं, चहाच्या टपरीवर हिंदी. हा साडू त्या प्रकल्पावर वेल्डर. मूळचा चिंचणीचाच, मामांच्या लांबच्या नात्यातला, वाडीतले चिकू चोरून मोठा झालेला. म्हणून मामा त्याला "अरे पोरा, इकडं ये" म्हणायचे. मला मात्र "या जावईबापू, तुमी बसा." मला खुर्ची, पाट, ताटाभोवती रांगोळी. तो स्वयंपाकघरात उकिडवा बसून मामांच्याच ताटातला बोंबील उचलायचा, आणि मामा हसायचे. ते हसणं माझ्या डोळ्यांत खुपायचं. मानपान सगळा मला आणि हसणं त्याला, हा कुठला न्याय?

त्याला कॅमेऱ्याची आवड आहे असं कळल्यावर मी मोठ्या मनानं माझा एक जुना भात्याचा कॅमेरा त्याला देऊन टाकला. मोठ्या मनानं म्हणजे काय, तो माझ्या काही कामाचा नव्हता. भात्याला दोन भोकं पडली होती, त्यांतून उजेड आत शिरायचा, म्हणून ती मी काळ्या कापडाच्या पट्ट्या चिकटवून बुजवली होती. "घ्या, हात बसवायला बरा आहे," मी म्हणालो. तो असा खूश झाला की मला वाटलं, चला, एक कटकट कायमची मिटली. भोकाच्या कॅमेऱ्यात हा काय दिवे लावणार!

दोन महिन्यांनी तो एक रोल घेऊन स्टुडिओत आला. "दादा, तुमीच धुवा. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाय."

रोलवर आठ फोटो होते. सात वाया गेलेले. आठवा मी ओल्या निगेटिव्हवरच बघितला आणि बघतच राहिलो. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं, पण आमची नजर ते उलटं वाचते. चिंचणीच्या किनाऱ्याच्या टोकाचे तेच काळे खडक, पण त्यांच्याभोवती समुद्रच नव्हता. एक लाट नाही, एक थेंब नाही. नुसतं दुधाळ काहीतरी खडकांच्या मधून पसरलेलं, आणि त्यात ते खडक शांत उभे. एवढी वर्षं त्या किनाऱ्यावर जाऊन मला असा समुद्र दिसला नव्हता.

आधी वाटलं, तिन्हीसांजेला काढला असेल. उजेड कमी असला की शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं, आणि मग पाण्याची हालचाल एकात एक मिसळून जाते, एवढं मला ठाऊक होतं. पण खडकांच्या सावल्या खडकांच्या पायाशीच होत्या. म्हणजे भर दुपार. भर दुपारी शटर क्षणभर जास्त उघडं राहिलं तर फोटो जळून जातो. मग यानं हे केलं कसं? विचारायला जीभ वळेना. धंदा माझा, आणि विचारायचं वेल्डरला?

आणि अजून एक गोष्ट त्या निगेटिव्हमध्ये होती. मधल्या खडकावर कोणीतरी बसलं होतं. पुसट, पण होतं. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर. तोंड नीट आलं नव्हतं, पण तसं बसणारा माणूस जगात एकच.

मी या माणसाला सहा वर्षांत चारदा म्हटलं होतं, "मामा, एकदा समुद्रावर चला, तुमचा एक चांगला फोटो काढतो." दर वेळी एकच उत्तर: "तुमी कशाला तरास घेता? आणि वाडीतून मला वेळ कुठं हाय?" आणि याच्यासाठी भर उन्हात खडकावर जाऊन बसले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आता मी काय केलं ते सांगतो. इतकी वर्षं कोणाला धड सांगितलेलं नाही.

फोटो छापायचे कागद मऊ आणि कडक असे दोन जातींचे असतात. मऊ कागदावर काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या सगळ्या करड्या छटा उतरतात. कडक कागदावर मधलं सगळं मरतं, काळं ते कोळसा आणि पांढरं ते चुना. फिक्या, मेलेल्या निगेटिव्हसाठीच तो वापरायचा असतो. ती निगेटिव्ह मऊ कागद मागत होती, हे पहिल्या महिन्यातल्या उमेदवारालाही कळलं असतं. मी कपाटातून सगळ्यात कडक कागद काढला. खराब दिसू दे मेल्याचा फोटो, म्हटलं. आणि एवढ्यावरही माझं पोट भरलं नाही. फोटो मोठा करायच्या यंत्राखाली कागदावर उजेड पडत होता, तेव्हा मधल्या खडकाच्या वर मी तळहात आडवा धरला. जिथं उजेड पोचत नाही तिथं कागद पांढरा राहतो. ट्रेमध्ये चित्र वर आलं तेव्हा खडक होता, दूध होतं, आणि खडकावर कोणी नव्हतं.

मला वाटलं होतं, तो बघेल आणि तोंड पाडेल. कसलं काय! आरडाओरडा केला त्यानं स्टुडिओत. "काय फोटो आलाय दादा! तुमच्या हाताला तोड नाय!" मग जरा वाकून बघून म्हणाला, "मामा बसले होते इथं. नाय आले वाटतं." मी म्हणालो, "इतका वेळ शटर उघडं ठेवलंत तर माणूस कसा येईल? हलणारं सगळं पुसलं जातं." हे अर्धं खरं होतं. अर्धं खरं बोलायला फार सोपं असतं.

पुढच्या रविवारी तो फोटो फ्रेम होऊन चिंचणीला पोचला. आम्ही सगळे तिथंच होतो. मामांनी फ्रेम दोन्ही हातांत धरली, अंगणातल्या उजेडात नेली, नाकाजवळ आणली, लांब धरली. आणि त्यांचे डोळे भरून आले. "हा समुद्र," ते म्हणाले. "हा आपला समुद्र." मग ते सरळ ओटीवर आले, खिळ्यावरचा माझा फोटो काढला आणि माझ्या हातात दिला. "हा माजघरात लावू या हां, जावईबापू."

"हो, हो, अवश्य!" मी म्हणालो. आणि हसलोसुद्धा. खिशातला रुमाल काढून साडूच्या फ्रेमची काच पुसली, स्टुलावर चढलो आणि माझ्या हातानं ती त्या खिळ्याला टांगली. जरा डावीकडे कलत होती, तीही सरळ केली. माझा फोटो माजघरात तांदळाच्या पिंपावर जाऊन बसला, आणि तिथंच राहिला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय असं बायकोला सांगितलं.

त्यानंतर ओटीवर कोणीही आलं की मामा झोपाळ्यावरून बोट दाखवायचे. "मधल्या खडकावर मी हाय." लोक जवळ जाऊन बघायचे, त्यांना कोणी दिसायचं नाही, पण म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, म्हणून मान डोलवायचे. "आहात की!" मी तिथं बसलेलो असलो की चहाच्या कपात बघायचो.

तुम्हाला वाटेल इथं मला लाज वाटली असेल. वाटली, पण जळफळाट तिच्याहून मोठा होता. मला तसा समुद्र काढायचाच होता. स्टुडिओत पिवळा आणि लाल असे दोन फिल्टर होते, ढग उठावदार यावेत म्हणून भिंगापुढे लावायचे. मी दोन्ही एकावर एक लावून किनाऱ्यावर गेलो. उजेड थोडा अडला, पण शटर फार तर सेकंदभर उघडं ठेवता आलं. समुद्र ना धड लाटांचा आला ना दुधाचा. ओल्या फडक्यानं पुसलेल्या शाळेच्या पाटीसारखा आला.

शेवटी एकदा तोंड वाकडं करून साडूला विचारलंच. तो हसायला लागला. "अहो, त्यात काय दादा! काळी काच." वेल्डिंग करताना डोळ्यांपुढे धरतात ती. तिच्यातून सूर्याकडे बघितलं तर सूर्य मधमाशीएवढा दिसतो. ती त्यानं सायकलच्या ट्यूबच्या रबरानं कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बांधली होती. त्या काचेतून भर दुपारचा उजेड इतका थोडा आत जातो, की शटर चार-चार मिनिटं उघडं ठेवावं लागतं. चार मिनिटांत जेवढ्या लाटा आल्या तेवढ्या सगळ्या एकावर एक पडतात, आणि एकही दिसत नाही.

"आणि वेळ कसा मोजलात?"

"मामांनी मोजला ना! वाळूनं घड्याळ बंद पडेल म्हणून मी नेलंच नव्हतं. मामा खडकावर बसून पाव-अर्ध्याचे जुने पाढे म्हणत होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. दिडकी संपली की मी शटर मिटलं."

म्हणून तोंड पुसट होतं! त्या फोटोचं घड्याळ मामा होते. मी खडकावरून माणूस पुसला होता आणि त्याच्याबरोबर घड्याळही. साडूनं खिशातून दुसरी एक काच काढली. "ही घ्या तुमाला. नवी हाय, एक ओरखडा नाय." अशा माणसाशी वैर तरी कसं धरावं? मी धरलं.

मी शिरगावच्या किनाऱ्यावर गेलो, किल्ल्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे चिंचणीच्या कोणी बघायला नको. बायकोला बरोबर नेलं. काच बांधली, एका हातात शटरची तार, दुसऱ्या हातानं स्टँड दाबून धरलेला, कारण ओल्या वाळूत त्याचे पाय रुतत होते. मनगटावरच्या घड्याळाकडे बघायला हात वळवता येईना. म्हटलं, तो पाढ्यांवर काढतो तर मलाही पाढे येतात. सुरू केलं. पण पावकी म्हणताना मला मामा त्या खडकावर दिसायला लागले, निमकीला ते साडूकडे बघून हसायला लागले, आणि दिडकीपर्यंत माझे दात आवळले गेले होते.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही पाढे म्हणताय की शिव्या देताय?"

"चार मिनिटं झाली की नाही?"

"कुठली चार! आठही वेळा दीड मिनिटात संपवलेत सगळं."

रोल धुतला. आठही निगेटिव्ह काचेसारख्या, जवळजवळ कोऱ्या. माझ्या रागानं पाढे पळवले होते आणि समुद्राला कागदावर यायला वेळच मिळाला नव्हता. बायकोनं रात्री पानात दही जास्त वाढलं. माझा जळफळाट ती जाणून होती. मी ती काच गल्ल्याच्या खणात मागे सारून दिली.

पुढची दिवाळी. मी पुढे जाऊन बघतो म्हणून एकटाच चिंचणीच्या घराच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत शिरलो. मामा झोपाळ्यावर होते. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मी जागीच थांबलो. "आलास काय रे पोरा! ये, ये, इथं माझ्याजवळ बस." हात पुढे केला. सहा-सात वर्षांत मला असं कोणी बोलावलं नव्हतं. मी जवळ गेलो, त्यांच्या बाजूला बसलो. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला, माझ्या बाहीचं इस्त्रीचं कापड चाचपलं, आणि चटकन हात काढून घेतला. "आँ, जावईबापू, तुमी होय! माफ करा हां. खुर्ची आण गं कोणीतरी!"

त्यांना मी साडू वाटलो होतो. दहा पावलांवरून, भर सकाळी.

एकदम सगळं डोक्यात लख्ख झालं. फोटो नाकाजवळ नेणं, अंगणातल्या उजेडात धरणं. मी माजघरातून माझा फोटो काढून आणला आणि त्यांच्यापुढे धरला. "मामा, यात काय दिसतं?" त्यांनी बघितल्यासारखं केलं. "समुद्र हाय ना तुमचा." फ्रेम मी मुद्दाम उलटी धरली होती. होड्या वर आणि आभाळ खाली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या फोटोतले थेंब, शिडं, ठिगळं त्यांच्यासाठी करडा चिखल झाली होती. आणि साडूचा फोटो मी कोळसा आणि चुना करून ठेवला होता, म्हणून तेवढा एक त्यांना दिसत होता! मी सूड घ्यायला म्हणून तो कागद निवडला आणि म्हाताऱ्याला त्यावर आपला समुद्र परत मिळाला. म्हणजे खिळ्यावरचा फोटो एका अर्थानं माझाच होता. पण हे मी सांगणार कुणाला? सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

बायकोनं ऐकल्या ऐकल्या ठरवलं, मुंबईला नेऊन ऑपरेशन करायचं. आणि मी, बघा माणूस काय असतो, मी कारणं काढायला लागलो. थंडी जाऊ दे. वाडीतली कामं आहेत. या वयात कशाला चिरफाड? बायको म्हणाली, "तुमचा बाप असता तर असंच म्हणाला असतात?" तिला ठाऊक नव्हतं मला कशाची भीती होती ती. डोळे आले की मामा पहिल्यांदा खिळ्याकडे बघणार. मधल्या खडकावर स्वतःला शोधणार. आणि तिथं माझा तळहात सापडणार.

ऑपरेशन झालं. मामा डोळ्यांवर पट्ट्या बांधून इस्पितळात पडले, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. दोघी मुली आळीपाळीनं उशाशी. मी एका दुपारी स्टुडिओ बंद केला आणि बोईसरला साडूच्या पत्र्याच्या खोलीवर गेलो.

"ती निगेटिव्ह आहे का?"

त्यानं खाटेखालची ट्रंक ओढली. निगेटिव्ह मीच दिलेल्या पाकिटात, पाकीट धुतलेल्या रुमालात. त्यानं ती खिडकीच्या उजेडात धरली. "हे बघा ना दादा, मामा हायेत इथं. फोटोत का आले नायत कळलं नाय. मला वाटलं, माझी काच जास्त काळी पडली." म्हणजे वर्षभर तो स्वतःलाच दोष देत होता. त्याच्या त्या साधेपणाचा मला इतका राग आला, की मी चहासुद्धा न घेता निघालो.

या वेळी मऊ कागद. अंधाऱ्या खोलीत मी तळहात पाठीमागे धरून उभा राहिलो, खरंच, पाठीमागे बांधून. ट्रेमध्ये आधी खडक आले, मग त्यांच्यावरच्या कालवांच्या खुणा, मग दूध, आणि त्या दुधातही कितीतरी करडे पापुद्रे, जे आधी मी मारले होते. सगळ्यात शेवटी टोपी. मग खांदे. मग गुडघ्यांवरचे हात. फार सुंदर फोटो होता तो. माझ्या आयुष्यात मी तसा एकही काढलेला नाही, हे मला त्या लाल दिव्याखाली कळलं, आणि तेव्हाही पोटात दुखलंच. मामांचं घर बंद होतं तेव्हा शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन मी फ्रेममधला फोटो बदलून आलो.

दीड महिन्यानं मामांना चष्मा मिळाला. बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचा, त्यामागे डोळे केवढेतरी मोठे. आम्ही त्यांना घरी आणलं. मुली आत चुलीपाशी गेल्या, साडू कामावर होता. मामा ओटीवर आले आणि न बसता सरळ खिळ्यापाशी गेले. कितीतरी वेळ उभे होते. मी खुर्चीच्या कडेला टेकून होतो.

"तोंड नाय आलं," ते म्हणाले.

"तुम्ही पाढे म्हणत होता ना. हलतं ते पुसलं जातं."

"पण मी हाय."

"आहात."

ते झोपाळ्यावर येऊन बसले. पायानं एक हलका झोका दिला. "आधी नव्हतो," ते म्हणाले.

मी खिळ्याकडे बघितलं.

"डोळे गेले होते, पण काळा खडक दिसायचा मला. वरती कोण नाय, ते पण दिसायचं."

"मग तुम्ही लोकांना सांगत होता, मी आहे म्हणून..."

"मग काय सांगू? माझ्या थोरल्या जावयाचा हात चुकला म्हणून सांगू? दुकान हाय तुमचं पालघरात. चार माणसं येतात तुमच्याकडं."

हे ऐकल्यावर माझ्याच्यानं राहवेना. "हात चुकला नव्हता, मामा. मी मुद्दाम केलं. तुम्ही त्याच्यासाठी उन्हात जाऊन बसलात. मी चारदा बोलावलं तर आला नाहीत. आणि माझा फोटो खिळ्यावरून काढलात."

झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या. त्या मोठ्या मोठ्या डोळ्यांनी ते माझ्याकडे बघत होते, आणि मला पहिल्यांदाच नीट बघत होते.

"मग तवाच का नाय बोललास?" ते म्हणाले. "मी तुझा फोटो काढला तवा तू हसलास. त्याची काच तूच पुसलीस, फोटो तूच टांगलास. परक्या घरी आल्यासारखा गप बसलास वर्षभर. पोटचा पोर असता तर तिथल्या तिथं भांडला असता माझ्याशी."

मी उठून उभा राहिलो. सात वर्षांचं सगळं, खुर्ची, पाट, रांगोळी, एकदम उसळून आलं.

"आणि तुम्ही?" मी ओरडलो. "दिसत नव्हता माझा फोटो, तर तोंडानं सांगायला काय झालं होतं? डोळे गेले, डोळे! आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला? मी कोण होतो मग, पाहुणा?"

बायको हातातलं उलथणं तसंच घेऊन आतून धावत आली. मामांनी पाय टेकून झोपाळा थांबवला आणि बाजूची जागा हातानं झटकली.

"हां," ते म्हणाले. "आता कसा बोललास. बस इथं."